पणजोबांची कात्रणवही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला "कुठल्याही विषयावर पंचवीस मिनिटं बोला" असं सांगितलं. पंचवीस वर्षांना पंचवीस मिनिटं, असा हिशेब असावा. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे मी उभा राहिलो की लोकांना वाटतं आता मुदत ठेवींवरचे व्याजदर सांगणार. घाबरू नका. आज मी एका जुन्या वहीबद्दल बोलणार आहे. मात्र ती वही मी वाचली ती बँकवाल्याच्या डोळ्यांनीच, एवढं आधी कबूल करतो.

चार वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातलं आमचं मूळ घर पाडायचं ठरलं. आम्ही सगळे चुलतभाऊ सामान वाटून घ्यायला जमलो. तांब्यापितळेची भांडी, पाटा-वरवंटा, शिसवी पाट यांना लगेच धनी मिळाले. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत दोन वह्या निघाल्या. "रद्दीत घालायच्या का?" असं धाकट्या चुलतभावाने विचारलं. माझ्या तोंडून "नको" निघून गेलं आणि माझ्या वाटणीला त्या दोन वह्या आल्या. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या वाट्याला नेहमी कागदच कसे येतात?"

त्यातली एक वही म्हणजे माझ्या पणजोबांची कात्रणवही. लांबट आकाराची, लाल कापडी बांधणीची. मुळात ती घरखर्चाची वही. हिशेब भरून झाल्यावर पणजोबांनी त्याच पानांवर वर्तमानपत्रांतली कात्रणं खळीने चिकटवली. कागद महाग, वाया कशाला घालवायचा! व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, इंग्लंडमध्ये कात्रणं आणि चित्रं चिकटवायचा छंद घरोघर होता, आणि तिथेही लोक जुन्या हिशेबाच्या वह्याच त्यासाठी वापरत. आमच्या पणजोबांना तिकडचं काही ठाऊक असेल असं नाही. पण राणी तीच, आणि काटकसरही तीच.

पणजोबा कचेरीत कारकून होते. मराठी वर्तमानपत्रांचा तो ऐन बहराचा काळ. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, तेव्हापासून वाट पडली. मग 'ज्ञानप्रकाश' १८४९, 'इंदुप्रकाश' १८६२, 'दीनबंधू' १८७७, 'केसरी' १८८१, 'सुधारक' १८८८. एक अंक टपालाने यायचा आणि सगळ्या आळीत फिरायचा. फिरून परत आला की पणजोबा कात्री घेऊन बसत असावेत.

वहीत काय नाही? १८७९ साली पोस्टकार्ड सुरू झालं, किंमत पाव आणा, ती बातमी अगदी पहिल्या पानावर आहे. १८८२ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला, तो आहे. १८८७ साली राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्या समारंभाचं वर्णन आहे. आपण आज पंचविसाव्या वर्षासाठी जमलोय, तर तो त्या काळचा ज्युबिली समारंभ असं समजा. विंचवाच्या विषावरचा उपाय आहे, काविळीवरचा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला वारल्या. या तिन्ही बातम्या पणजोबांनी एकाच पानावर एकाखाली एक चिकटवल्यात. मधे चार वर्षांचं अंतर आहे, म्हणजे पहिल्या बातमीखाली त्यांनी जागा राखून ठेवली होती. मला त्या पानाचं फार कौतुक वाटलं.

आता यातला अडचणीचा भाग सांगतो. कात्रण कापताना माणूस आपल्याला हवा तेवढा मजकूर कापतो. पत्राचं नाव आणि तारीख वरच राहते. मग ते कात्रण कुठलं आणि कधीचं, ते कसं ओळखायचं? मजकुरात तिथी आणि शक असेल तर सोपं. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, आणि मार्गशीर्ष-पौषानंतरची तिथी असेल तर एकोणऐंशी मिळवावे लागतात. जुनी जंत्री असली की नेमका दिवसही निघतो. काही कात्रणांची खळ सुटली होती, त्यांची मागची बाजू वाचता आली. तिथे जाहिरात असते, धान्याचे भाव असतात, त्यावरून अंदाज लागतो. उरलेल्यांसाठी मी पुण्यात नगर वाचन मंदिरात आणि केसरीवाड्यात जुन्या फाइली चाळल्या. माझ्या नातवाने सगळी पानं मोबाइलवर टिपून दिली, बाजूने दिवा धरून, म्हणजे फिकी शाईसुद्धा उठून दिसते. गंमत म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे काही कागद अजून मऊ आहेत आणि मी स्वतः १९७५ साली कापून ठेवलेली कात्रणं हातात घेतली की पापडासारखी मोडतात. जुना कागद चिंध्यांचा असायचा, नंतरचा लाकडाच्या लगद्याचा, त्याचा हा फरक. शिवाय पणजोबांनी खळीत मोरचूद घातला होता, म्हणून कसर लागली नाही. बुकबाइंडरांची ती जुनी युक्ती.

मोडी मला येत नव्हती. साठीनंतर मोडीच्या वर्गाला जाऊन बसलो. बाकांवर सगळे विशी-पंचविशीचे. सर मला "काका" म्हणायचे आणि गृहपाठ तपासताना मात्र काही सवलत द्यायचे नाहीत.

तर या वहीत सर्वांत जास्त कात्रणं कशाची असतील? मी मोजली. एकशे बारा कात्रणांपैकी एकतीस एकाच विषयाची आहेत. विधवांचा प्रश्न. पुनर्विवाह, केशवपन, बालविवाह. रखमाबाईंचा खटला आहे. १८९१ चं संमतिवयाचं बिल आहे, आणि त्यात टिळकांची बाजूही आहे, आगरकरांचीही आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ती बातमी आहे. १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. 'दीनबंधू'चे नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते. ती बातमी पणजोबांनी चारी बाजूंनी लाल शाईची रेघ मारून चिकटवली आहे. सबंध वहीत लाल रेघ फक्त त्या एका कात्रणाला आहे. आणि शेवटचं कात्रण १८९३ चं, धोंडो केशव कर्व्यांच्या पुनर्विवाहाचं.

मला आनंद झाला. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले की पणजोबा सुधारक होते. माझे वडील सांगायचे, काका सांगायचे. आमच्या कुलवृत्तांताच्या गेल्या आवृत्तीसाठी आमच्या शाखेची माहिती मीच पाठवली होती. त्यात मी लिहिलं होतं, "पुरोगामी विचारांचे, सुधारणावादी." छापूनही आलं. आता हातात पुरावाच आला! ऑडिटरच्या भाषेत सांगायचं तर व्हाउचर सापडलं.

पण बँकेतली खोड अशी की वरची नोंद पाहिली की खालची पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. जिथे खळ सुटली होती तिथे कात्रणांखालचा हिशेब दिसत होता. तांदूळ, गोडं तेल, दक्षिणा, टपाल, वर्तमानपत्राची वर्गणी. आणि दर महिन्याला न्हाव्याच्या दोन ओळी. एक नुसती "न्हावी", तिच्यापुढे दोन आणे. दुसरी "न्हावी, सोवळे", तिच्यापुढे एक आणा. मला अर्थ कळेना. वाटलं, सोवळ्याचं काही कापड-बिपड असेल, न्हाव्याच्या ओळीत चुकून आलं असेल.

साताऱ्याला माझी आत्या असते. वय ब्याण्णव, कान थोडे कमी, स्मरण पक्कं. तिला ते पान दाखवलं. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अरे, बँकेत इतकी वर्षं काय केलंस? सोवळं करणं म्हणजे बाईचं डोकं करणं. आत्याबाईचं असेल ते."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वडील आम्हाला लहानपणी सांगायचे की त्यांच्या घरात एक म्हातारी आत्याबाई होती. लाल आलवण, डोक्यावरून पदर, दिवसभर स्वयंपाकघरात. अळूचं फदफदं तिच्यासारखं कोणाला जमायचं नाही. मुलांनी पदर ओढला की ती मारायची नाही, नुसती गप्प बसायची. १९३० च्या सुमारास ती गेली, वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. ही बाई म्हणजे पणजोबांची सख्खी धाकटी बहीण. लग्न आठव्या-नवव्या वर्षी, नवरा गेला अकराव्या वर्षी, मग भावाकडे आली ती कायमची. आमच्या घरात तिच्याबद्दल ठाऊक असलेलं एवढंच. बाकी सगळं अळूच्या फदफद्याबद्दल.

पणजोबांनी एकतीस कात्रणं कोणासाठी कापली, ते मला तेव्हा समजलं. हा छंद नव्हता. घरात बहीण होती.

पण मग दुसरी वही उघडली. ती नुसता रोजमेळ आहे, शके १८१३ ते १८१५ चा, म्हणजे १८९१ ते १८९४. न्हाव्यांच्या सभेची बातमी लाल रेघेत चिकटवली, त्यानंतरचा. मी एकेक महिना तपासला. "न्हावी, सोवळे, एक आणा." चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. एकही महिना चुकलेला नाही. कर्व्यांचं लग्न झालं त्या महिन्यातही आहे. मुंबईच्या न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवायचं ठरवलं आणि आमच्या पणजोबांनी ती बातमी जपून ठेवली, आणि गावातल्या न्हाव्याला पैसे देत राहिले.

मी ती वही मिटून ठेवली. आठ दिवस उघडली नाही.

मंडळी, पणजोबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा माझा हेतू नाही. पंधरा रुपये पगाराचा कारकून, घरात तीन मुली लग्नाच्या. बहिणीचे केस वाढवले असते तर गावाने वाळीत टाकलं असतं आणि त्या मुलींना स्थळं आली नसती. कर्व्यांच्यावर त्यांच्या मुरूडच्या लोकांनी बहिष्कार घातला होताच. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला एवढ्यावरून केवढं प्रकरण झालं, रानडे आणि टिळकांनाही त्यात प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आणि न्यायमूर्ती रानडे पुनर्विवाहाचे मोठे पुरस्कर्ते, पण १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या इच्छेपुढे त्यांनाही मान तुकवावी लागली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करावं लागलं. जिथे एवढी माणसं अडली तिथे आमच्या पणजोबांचं काय! हे सगळं मला पटतं.

तरीही दुसरी बाजू मांडल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही. पणजोबांच्या अडचणी मला मोजता आल्या, कारण त्यांचे कागद आहेत. तिचा एकही कागद नाही. तिला वाचता येत होतं का? भाऊ रात्री दिव्यापाशी बसून काय कापतो आहे, हे तिला कळत होतं का? तो कधी तिला वाचून दाखवत होता का? त्या खळीचं पीठ तिनेच शिजवलं असणार, कारण स्वयंपाकघर तिचं होतं. मला वहीपेक्षा आता त्या खळीचाच विचार जास्त येतो.

तिचं नाव शोधायचा मी प्रयत्न केला. नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. आपला पूर्वज तिथे जाऊन गेला असला की त्याच्या हातचा लेख मिळतो. गाव आणि आडनाव सांगितलं. तासाभरात वही काढून दिली. पणजोबांचं तेच वळणदार अक्षर! वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, भावांची नावं, मुलग्यांची नावं. आणि शेवटी, "मातोश्री, कुटुंब व भगिनी यांसह." संपलं. ती नाशिकला आली होती, गंगेत स्नान केलं होतं, पण नाव नाही.

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. मी दुरुस्ती पाठवायची म्हटलं, तर चुलतभावाचा फोन आला. "दादा, कशाला उकरून काढतोस? आपल्याच पणजोबांची अब्रू आपणच काढायची?" आत्यानेही विचारलं, "हे सगळ्यांसमोर सांगणारेस?" मी म्हटलं, "तू नको म्हणालीस तर नाही सांगत." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सांग. तिचा विषय काढणारं आता कोण राहिलंय?"

आता मुद्दा असा, की हे सगळं मी तुमच्यापुढे का सांगतोय. पणजोबांना नावं ठेवण्याच्या आधी मला माझं घर तपासावं लागलं. म्हणजे आपली सोसायटी.

आपल्याकडे एका सभासदांचं अचानक निधन झालं. भागपत्रावर त्यांचं एकट्याचं नाव, नामनिर्देशन केलेलं नाही. त्यांच्या पत्नीने सभासदत्वासाठी रीतसर अर्ज दिला, कागदपत्रं जोडली. त्यांच्या एका नातेवाइकाने तोंडी हरकत घेतली, लेखी काही दिलं नाही. मी तेव्हा सचिव होतो. उपविधी मला पाठ. या विषयावरची परिपत्रकं आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं मी फाइलला छान लावून ठेवली होती, वर चिठ्ठ्या चिकटवून. आणि दर सभेत मी एकच वाक्य लिहीत होतो, "विषय पुढील सभेत घ्यावा." दोन वर्षं. त्या दोन वर्षांत त्या बाईंनी देखभाल खर्चाचा एकही हप्ता चुकवला नाही. पावत्या मीच फाडल्या.

पणजोबांचा रोजमेळ वाचला त्या महिन्यात मी ती फाइल पुन्हा काढली. माझी कात्रणंही नीट होती. हरकत घेणाऱ्यांना लेखी द्यायला मुदत दिली, त्यांनी काही दिलं नाही, पुढची कायदेशीर पूर्तता करून घेतली आणि विषय सभेपुढे ठेवला. दहा मिनिटांत मंजूर झाला. दहा मिनिटांचं काम मी दोन वर्षं का केलं नाही? नातेवाईक ओळखीचे होते, तोंडावर वाईटपणा नको होता. बस, एवढंच. पणजोबांच्या पाठीमागे अख्खा गाव तरी होता. माझ्या पाठीमागे कोणी नव्हतं. त्या भगिनी आज इथे बसल्या आहेत. हे सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांगा, पण माझं नाव नको." मी म्हटलं, एरवी मी नावं शोधत हिंडतो, पण तुमचा शब्द मोडणार नाही.

शेवटी काही विनंत्या करतो आणि थांबतो.

तुमच्या माळ्यावर, कपाटात अशा वह्या असतील तर रद्दीत देऊ नका. चिकटलेली कात्रणं ओढून काढू नका, पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये वितळवून बंद करू नका. सुती कापडात बांधा, कोरड्या जागी ठेवा, मुलांकडून फोटो काढून घ्या. आणि वरचं जितक्या आवडीने वाचाल तितक्याच आवडीने खालचंही वाचा. आपल्या घरातल्या मोठ्यांनी काय वाचलं ते कात्रणांवरून कळतं. काय केलं ते घरखर्चातून कळतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. विशेषतः बायकांची नावं विचारा, माहेरची आणि सासरची, आणि फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीने लिहून ठेवा. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या इतिवृत्तांतही कुठे कुठे "पुढील सभेत घ्यावा" लिहिलेलं असेल. नव्या कार्यकारिणीने ती पानं एकदा चाळावीत. सुरुवात माझ्या काळापासून केली तरी चालेल.

कुलवृत्तांताला मी दुरुस्ती पाठवली. चुलतभावाला ती आधी वाचून दाखवली. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "ठीक आहे, पाठव." 'सुधारणावादी' हा शब्द मी काढलेला नाही. पणजोबा विचाराने सुधारणावादी होतेच, एकतीस कात्रणं खोटी कशी म्हणायची? त्याखाली फक्त एक ओळ वाढवली आहे. "एक धाकटी भगिनी, बालविधवा. आयुष्यभर याच घरात. निधन १९३० च्या सुमारास. नाव ज्ञात नाही."

खाली चहा तयार आहे असं समितीने कळवलं आहे. आज तो घेतला तर कोणालाही प्रायश्चित्त नाही.